एकशे एकाहत्तरावी हिट

टाबोर क्रीक, आयोवा
११ जून १९८४

एमिल,

पाकिटावरचं अक्षर बघून तू पत्र न उघडताच परत पाठवतोस, हे मला माहीत आहे. तीनदा पाठवलंस. म्हणून या वेळी पत्ता टाइप केलाय. म्हणजे निदान या ओळीपर्यंत तरी तू आला असशील. आलास ना? मग आता पुढचंही वाच, मरत नाहीस काही.

याकिमाचा पत्ता बोझेना मावशीकडून काढला. आधी नाही नाही म्हणाली, माझ्या हातचे 'कोलाची', ते खसखस भरलेले गोड पाव, पाच खाल्ले, मग दिला. तू सफरचंदाच्या गोदामात मुकादम आहेस म्हणे. बरं आहे.

लिहिण्याचं कारण असं की ओहायोतल्या डेटनहून क्लेटन ऑसगुड नावाच्या एका मास्तराचं पत्र आलंय. शाळेत भूगोल शिकवतो आणि सुट्टीत लोकांच्या माळ्यावरची जुनी स्कोअरबुकं शोधत फिरतो. असे खुळे आता देशभर झालेत, त्यांच्या सभाही भरतात. त्याला बेसबॉलच्या छोट्या लीगमधल्या अशा बॅटरांची यादी करायची आहे, ज्यांनी सबंध सीझन सरासरी हजार टर्नला चारशे हिटच्या वर ठेवली. मोठ्या लीगमध्ये १९४१ नंतर कुणाला जमलं नाही, ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. छोट्यांचा हिशेब कुणी ठेवला नव्हता, तो हा ठेवतोय.

आपल्या थ्री रिव्हर्स लीगचं १९५६ सालचं एक कात्रण त्याच्याकडे आहे. त्यात 'ई. दुशेक, टाबोर क्रीक मिलर्स, ३९९' असं छापलंय. त्याची प्रत त्याने मला पाठवली आणि त्या आकड्यापुढे पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलंय. खाली विचारतो, "३ सप्टेंबरच्या सामन्यात, आठव्या इनिंगमध्ये, दुशेकच्या फटक्यावर आपण शॉर्टस्टॉपचा एरर दिलात. अधिकृत स्कोअरर म्हणून आजही आपण त्या निर्णयावर ठाम आहात का?"

साठ वर्षांच्या बाईला असं विचारायला जीभ कशी रेटते!

तुला सगळं पाठ असेल, तरी लिहिते, कारण मला लिहिल्याशिवाय राहवत नाही. सीझनचा शेवटचा दिवस. सातव्या इनिंगअखेर तुझे टर्न ४२५ आणि हिट १७०. भागून बघ, हजाराला बरोब्बर चारशे, वर ना खाली. हॅनरहन कोच म्हणाला, बस आता, चारशे घेऊन घरी जा. तू ऐकलं नाहीस, आठव्यात बॅट घेऊन गेलास. चेंडू दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फील्डरकडे, शॉर्टस्टॉपकडे, गेला, त्या टर्लीच्या पंज्याला लागून मागे गवतात पळाला आणि तू पहिल्या बेसवर पोचलास. ती हिट धरली असती तर एकशे एकाहत्तर, म्हणजे चारशे एक. पण जो चेंडू फील्डरने साध्या प्रयत्नात अडवायला हवा होता, तो सुटला तर एरर फील्डरच्या नावावर लागतो आणि बॅटरला हिट मिळत नाही, टर्न मात्र मोजला जातो. ४२६ मध्ये १७०. तीनशे नव्व्याण्णव. नियम मी केलेला नाही.

चेंडू सरळ होता, एमिल.

मास्तराला हेच लिहून टाकणार होते. मग वाटलं, आकडा तुझा आहे, आधी तुला विचारावं. म्हणून विचारतेय. उत्तर दे.

एल्वेरा

ता.क. गुडघा कसा आहे?


टाबोर क्रीक
४ जुलै १९८४

एमिल,

तुझं उत्तर नाही. पण पत्रही परत आलं नाही! मी रोज पोस्टमनला फाटकात गाठते, तो आता मला बघितलं की लांबूनच मान हलवतो. परत आलं नाही म्हणजे तू ते उघडलंस. उघडलंस की कचऱ्यात टाकलंस, देव जाणे. मी उघडलंस असं धरून चालते.

आज गावात बँड वाजतोय, मक्याची कणसं उकडतायत, आणि मी पंखा लावून मास्तराला कागद नकलून देतेय. तो पोरगा हुशार आहे. पोरगा म्हणजे चाळिशीचा असेल. तो म्हणतो, बाई, नुसत्या सरासरीवर बॅटरचा मोठेपणा ठरवणं हा जुना वेडेपणा आहे. चार वाईट चेंडू सोडून फुकटात पहिला बेस मिळवणं, ज्याला आपण वॉक म्हणतो, त्याची सरासरीत काडीची किंमत नाही. तुझे त्या वर्षीचे वॉक किती होते सांग बघू? अठ्ठ्याण्णव. चारदा चेंडू अंगावर घेतलास ते वेगळंच. हे सगळं धरून, बॅटला गेल्यावर तू हजारात किती वेळा बेसवर पोचलास, ते त्याने काढलंय. पाचशे पंधरा! निम्म्याहून जास्त वेळा तू बाद झालाच नाहीस. म्हणतो, त्या दहा वर्षांत छोट्या लीगमध्ये खेळलेल्या अकराशे बॅटरांत तू पहिला. चारशेवाले सहा जण तुझ्या खाली आहेत. वाचून मी खुर्चीतून उठले आणि उगाच सगळ्या घरातून एक चक्कर मारून आले.

आणि दोनदा सायकल! एकाच सामन्यात एका बेसची हिट, दोन बेसची, तीन बेसची आणि होम रन, चारही. कितीजणांची अख्खी उमर जाते, एकदा होत नाही, आणि तू एका उन्हाळ्यात दोनदा केलंस. पहिल्यांदा झालं तेव्हा आठवतंय? मी धावत घरी जाऊन आईला सांगितलं, "एमिलने सायकल मारली!" आई एप्रनला हात पुसत अंगणात गेली, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि म्हणाली, "कुठे लावलीय? आणि मारली म्हणजे, कुणाची मारली रे देवा?" तिला वाटलं तू चोरी केलीस. तू जेवायला आलास तरी ती दारातून डोकावून सायकल शोधतच होती. शेवटी तू पोटावर हात मारून इतका हसलास की सूप सांडलं.

१९४१ चा उन्हाळाही डोक्यातून जात नाही. मी सतरा, तू बारा. बाबा खाणीत वारले त्याला तीन वर्षं झालेली, आई लाँड्रीत, आणि आपण दोघं रेडिओला कान लावून. तू डिमॅजिओचा, मी विल्यम्सची. डिमॅजिओने सलग छप्पन्न सामन्यांत रोज किमान एक हिट मारली, तू भिंतीवर खडूने रेघा ओढायचास. मी म्हणायची, "अरे बावळटा, रोज एक मारली म्हणजे मोठा? त्याच छप्पन्न सामन्यांत विल्यम्सची सरासरी तुझ्या हिरोपेक्षा जास्त आहे, भाग बघू!" तुला मोठा भागाकार मीच शिकवला, तो त्या भांडणापायी. तू जीभ बाहेर काढून भागायचास आणि उत्तर माझ्या बाजूने आलं की कागद फाडायचास. म्हणायचास, "एल्वी, सरासरी म्हणजे ज्याला घाई नाही त्याची गोष्ट. याला रोज यावं लागतं."

शेवटच्या दिवशी विल्यम्सलाही 'बस' म्हणाले होते, चारशे होत होते त्याचे. तो बसला नाही. खेळला, आठात सहा हिट मारल्या, चारशे सहा केले. तू त्या दिवशी बॅट घेऊन निघालास तेव्हा मी वर पत्रकारांच्या खोलीत दातओठ खात होते. म्हटलं, हा मूर्ख आता विल्यम्सची नक्कल करायला निघालाय! बसला असतास तर आज मास्तराला प्रश्नच पडला नसता. त्या गोष्टीचा राग मला तुझ्यावर अजून आहे. तोही आहे, लक्षात ठेव.

लिही काहीतरी. 'होय' लिही, 'नाही' लिही, शिवी लिही.

एल्वेरा


टाबोर क्रीक
२९ जुलै १९८४

एमिल,

गेल्या मंगळवारी मी तुझ्या घरी फोन केला. एका बाईने उचलला. "हॅलो? हॅलो? कोण आहे?" आर्डिथ असणार. आवाज चांगला आहे तिचा. मागे कुणीतरी हसत होतं. मी ठेवून दिला. सत्तावीस वर्षांत आपल्या भावजयीशी मी एवढंच बोलले, म्हणजे बोललेही नाही.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहायला दोन आठवडे लागले. तीन कागद फाडले.

पेचाचेक आठवतो? पेपरात खेळाचं पान सांभाळायचा तो, खांद्यावर कोंडा पडलेला. त्या दिवशी सामना सुरू व्हायच्या आधी तो जिना चढून वर आला. खोलीत आम्ही पाच जण, मी सोडून सगळे पुरुष. माझ्या आधीचे स्कोअरर, म्हातारे व्रबा, यांना मोतीबिंदू झाला म्हणून ती खुर्ची मला मिळाली होती, आणि चार वर्षांत एकाने मला कधी मनापासून 'गुड आफ्टरनून' म्हटलं नव्हतं. पेचाचेक खुर्ची ओढत म्हणाला, "आज एमिलचे चारशे होणारच, आपल्याला काय काळजी? बहीण वर बसलीय बटणावर बोट ठेवून." सगळे हसले. मीही हसले.

आठव्या इनिंगपर्यंत माझ्या कानात तेच होतं.

आणि चेंडू सरळ नव्हता, एमिल. मी पाहिलं. टर्लीच्या पुढ्यात, हातभर अंतरावर, जिथे माती संपून गवत लागतं तिथे धूळ उडाली आणि चेंडू उसळला. गुडघ्याशी यायचा तो छातीशी आला. अशी उसळी आली तर फील्डरचा काही दोष नसतो, ती हिट. यात विचार करण्यासारखं काही नाही, पहिल्या वर्षाच्या स्कोअररलाही कळतं. दुसऱ्या कुठल्याही पोराचा फटका असता तर मी मान वर न करता हिटचं, 'एच'चं बटण दाबलं असतं. माझं बोट 'एच'वर होतं. पेचाचेक वळून माझ्याकडे बघायला लागला, बाकीचेही वळले. मी 'ई' दाबलं.

बोर्डावर दिवा लागला. लोक ओरडले, कुणीतरी बाटली फेकली. पेचाचेक हळू आवाजात म्हणाला, "बापरे, बाई." तसं आदराने तो माझ्याशी पहिल्यांदाच बोलला.

दुसऱ्या दिवशी त्याने पानभर मजकूर छापला, वर मथळा, 'न्यायाला भाऊ नसतो'. माझा फोटोही होता. ते कात्रण मी जपून ठेवलं. मला ते आवडलं होतं, एमिल. तू गाव सोडून गेलास त्याच सकाळी मी ते कात्रीने कापत बसले होते, आणि मला ते आवडलं होतं. यापेक्षा वाईट काही मला स्वतःबद्दल सांगता येत नाही.

तू माझा भाऊ नसतास तर तुझे चारशे एक झाले असते.

आता तूच सांग मास्तराला काय लिहू.

एल्वी


टाबोर क्रीक
२० ऑगस्ट १९८४

एमिल,

उत्तर नाही. ठीक आहे. मी पोस्टमनला गाठायचं बंद केलं, त्यालाच माझी दया यायला लागली होती.

एक राहिलंय ते लिहिते, मग पुन्हा त्रास देणार नाही.

निर्णय बदलायला स्कोअररला चोवीस तास असायचे. रिपोर्ट लीगच्या ऑफिसला पोस्टात पडेपर्यंत तो माझा. त्या संध्याकाळी मी घरी आले, वरच्या माझ्या खोलीचं दार लावून टेबलावर कागद पसरले आणि तिथेच बसून राहिले. मला बदलायचं होतं. आईच्या शपथेवर सांगते, दोनदा कोरा फॉर्म घेतला. मग साडेसहाच्या सुमारास तू आलास. पायऱ्यांवरच्या चालीवरून मी ओळखलं, डावा पाय ओढत होतास. तू दार वाजवलंस.

मला वाटलं, हिट मागायला आला. मला तुझा इतका राग आला! म्हटलं, आता मी बदललं तर ते याच्या मागण्यामुळे बदललं असं होणार. पेचाचेक म्हणणारच की बघा, संध्याकाळी भाऊ भेटला आणि सकाळी एररची हिट झाली. अरे, तू आला नसतास तर मी बदललं असतं, असं वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आले. खरं खोटं मलाही माहीत नाही.

तू म्हणालास, "एल्वी, उघड ना." पुन्हा वाजवलंस. "एल्वी, दोन मिनिटं."

मी आतून म्हणाले, "रिपोर्ट पोस्टात पडेपर्यंत मला भाऊ नाही."

मला वाटलं फार छान वाक्य सुचलं. तू आणखी एकदा वाजवलंस, हळू. मग गेलास. मी जुन्याच फॉर्मवर सही केली आणि सकाळी सात वाजता पोस्टात टाकून आले. येताना तुझ्यासाठी बेकरीतून पाव घेतला, कारण आता मला भाऊ होता. घरी आले तर आई म्हणाली, एमिल सहाच्या बसने गेला, पश्चिमेला, काम बघायला.

नंतर मी तुला तीन ख्रिसमसना पत्रं लिहिली. तू ती न वाचता परत पाठवलीस ते एका परीने बरं झालं, कारण तिन्हींत मी नियमांची कलमं लिहिली होती.

आणि आईचं दफन, सन त्रेसष्ट. तू तिकडे, मी इकडे, मध्ये पाद्री. सगळं आटोपल्यावर तू माझ्याकडे यायला लागलास. दहा-बारा पावलं आलास. आणि तू काही बोलायच्या आत मीच म्हणाले, "चेंडू सरळ होता, एमिल." आईच्या थडग्याची माती ओली होती! तू टोपी घातलीस आणि गाडीकडे गेलास. मी असं का बोलले? एकवीस वर्षं मी हे स्वतःला विचारतेय.

मी चुकले. बटणाचं चुकले, दाराचं त्याहून जास्त चुकले. मला तुला बघायचंय. याकिमाला बस जाते, मी चौकशी केलीय. तू नुसतं 'ये' म्हण, मी कुणाच्या डोळ्यावर येणार नाही, एक दिवस राहीन, गोदामातली सफरचंदं निवडीन म्हणशील तर. मला माझा भाऊ हवाय रे.

एल्वी


याकिमा, वॉशिंग्टन
६ सप्टेंबर १९८४

एल्वी,

चारही पत्रं मिळाली. पहिलं उघडलं ते लिफ्टट्रकवाल्यांचं बिल समजून. फसवलंस. पुढची तीन समजून-उमजून उघडली.

आकडे तुझे बरोबर आहेत, नेहमीप्रमाणे. एकच गोष्ट तुला माहीत नाही, कारण मी कुणाला सांगितली नाही. त्या दिवशी दुपारी बाराला हॅनरहनने मला ऑफिसात बोलावलं आणि काढून टाकलं. म्हणाला, "सत्तावीस झालास पोरा, गुडघा गेलाय, वरचा कुठलाही क्लब तुला घेत नाही. चारशे मार नाहीतर पाचशे मार. पुढल्या वर्षी येऊ नकोस." मग म्हणाला, आजचा सामना मात्र खेळ, लोक तुला बघायला आलेत. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्या नव्हतं. मला वाटतं माझ्या डोक्यात शिरलंच नव्हतं.

म्हणून आठव्यात तो 'बस' म्हणाला तेव्हा मी बसलो नाही. माझा शेवटचा टर्न होता तो, एल्वी. नऊ वर्षं खेळलो, त्यातला शेवटचा. चारशेसाठी तो कोण सोडेल? विल्यम्स-बिल्यम्स काही डोक्यात नव्हता.

उसळीचं म्हणशील तर मला माहीत नाही. मी पळत होतो, बघितलंच नाही. बेसवर उभा राहिलो आणि 'ई'चा दिवा लागला तेव्हा मला हसू आलं. म्हटलं, ही बाई देवालासुद्धा सोडायची नाही. खरंच हसलो, पहिल्या बेसवालाही म्हणाला, काय झालं तुला?

संध्याकाळी मी हिट मागायला आलो नव्हतो. खेळ संपला हे मला कुणालातरी सांगायचं होतं, आणि आईच्या आधी तुला सांगायचं होतं. तू शिव्या घालशील, अंडी तळशील, मग सकाळपर्यंत आपल्याला काहीतरी सुचेल, असं वाटलं. बाबा गेले तेव्हाही तूच अंडी तळली होतीस. तू आतून जे बोललीस ते ऐकून मला वाटलं, हॅनरहनने तुलाही सांगितलंय आणि क्लबने काढलं तसं तूही काढलंस. मूर्खपणा, पण तेव्हा तसंच वाटलं. बस स्टँडवर बाकावर रात्र काढली.

आईच्या वेळी मी ठरवून आलो होतो. कोट घालतानाच वाक्य जुळवलं होतं. जाऊ दे.

पुष्कळ वर्षं राग होता. आता नाही, शोधला तरी सापडत नाही. पण खरं सांगू का, तो गेला तेव्हा बाकीचंही त्याच्याबरोबर गेलं. तुझी पत्रं वाचताना त्या रेडिओजवळच्या पोरीची मला फार आठवण आली. दुसऱ्या पत्राला मी आईच्या सायकलवर मोठ्याने हसलो, आर्डिथ विचारायला आली. पण तू येऊ नकोस. बहीण असण्याची माझी सवय गेली, एल्वी, आणि नवी लावून घ्यायची माझ्यात ताकद नाही. पोरींना मी सांगितलंय की मी एकटाच होतो. मोठी आता सव्वीस वर्षांची आहे. आता तिला काय म्हणून सांगू, आणि इतकी वर्षं का लपवलं म्हणून सांगू?

मास्तराला जे खरं असेल ते लिही. मला तीनशे नव्व्याण्णवही चालतात. त्याचं पुस्तक आलं की पोरी वाचतील, त्यांना मजा वाटेल. त्याने इथेही पत्र टाकलंय, त्या दोघी भलत्याच खूश आहेत.

गुडघा बरा आहे. थंडीत दुखतो.

एमिल


टाबोर क्रीक, आयोवा
१५ सप्टेंबर १९८४

प्रिय श्री. ऑसगुड,

उशीर झाला, माफ करा. १९५३ ते १९५८ ची सहाही स्कोअरबुकं वेगळ्या खोक्यातून पाठवली आहेत. परत करण्याची गरज नाही.

३ सप्टेंबर १९५६ च्या निर्णयाबद्दल आपण विचारलंत. त्या निर्णयावर मी ठाम नाही. चेंडू शॉर्टस्टॉपच्या पुढ्यात उसळला होता आणि तो मी स्वतः पाहिला होता. ती हिट होती. चूक शॉर्टस्टॉपची नव्हती, स्कोअररची होती, आणि ती नजरचूक नव्हती. हे माझ्या नावानिशी छापायला माझी हरकत नाही. ४२६ मध्ये १७१, सरासरी चारशे एक. टर्लीच्या नावावरचा एररही कृपया काढून टाका, तो हयात असेल तर त्याला कळवा.

पुस्तकात प्रत्येक खेळाडूची माहिती द्यायची म्हणून आपण जो छापील फॉर्म पाठवलात तो सोबत भरून पाठवला आहे. छापण्यापूर्वी आपण तो खेळाडूच्या घरी तपासायला पाठवणार आहात, असं लिहिलंत. जरूर पाठवा.

जन्म, टाबोर क्रीक, १९२९. बॅट डावखुरी, फेक उजवी. वडील खाणकामगार, खाणीत निधन. आई लाँड्रीत कामाला, निधन १९६३. पत्नी आर्डिथ. दोन मुली. भावंडे, नाहीत.

आपण पत्राच्या शेवटी सहज विचारलंत की स्कोअरर आणि खेळाडू यांचं आडनाव एकच कसं. आमच्या गावात दुशेक पुष्कळ आहेत.

आपली,
एल्वेरा दुशेक
माजी अधिकृत स्कोअरर, थ्री रिव्हर्स लीग